दोन ते चारचा पहारा

८ फेब्रुवारी, शनिवार

रुखमा,

वरती आशीर्वाद लिहायचा की नाही, इथेच पेन अडला. मी मोठी जाऊ, म्हणजे लिहायला पाहिजे. पण दहा महिन्यांत तू माझा एक फोन उचलला नाही, तर आशीर्वाद कुठून घेशील. तो माझ्याजवळच ठेवला आहे. लागेल तेव्हा घे.

कागद बघून हसशील. मागच्या वर्षीच्या सप्ताहाच्या पत्रिका उरल्या होत्या, त्यांची मागची बाजू कोरी आहे. फेकवत नाही. काही डब्यांच्या तळाशी घातल्या, बाकीच्यांवर तुला लिहीन. बाबुलालजवळ देते. तो रोज सकाळी भाजीचा ऑटो घेऊन तुमसरला येतो आणि तुमची खोली त्याने पाहिली आहे.

गावची खबर अशी. उन्हाळी धानाचा रोवणा आटोपत आला. बोडीला यंदा पाणी बरं आहे. सतरा-अठराला शंकरपट आहे, बैल पळवायचे म्हणून आखराच्या मैदानावरची काटेरी झुडपं काढणं सुरू झालं. पटाच्या दिवशी वडशाच्या मंडळींचं नाटक आहे. सव्वीसला शिवरात्र, तेव्हा अर्धं गाव गायमुखच्या जत्रेला जाईल. मग चार मार्चला सप्ताह बसतो, अकराला काला, आणि तेराला होळी. एका महिन्यात इतकं सगळं, आणि घरात मी एकटी बाई. पटाला पाहुणे येतील, नाटकाला येतील, कोणी दोन दिवस राहतील. मागे आपण दोघी चुलीजवळ असायचो तेव्हा पंचवीस माणसं जेवून जायची आणि कळायचं नाही. आता पाच आले तरी कंबर धरते.

तुझ्या अर्ध्या अंगणात मी रोज सडा टाकते. कुलूप लावलेल्या दारासमोर अंगण कोरडं बरं दिसत नाही.

मुद्दा असा की सप्ताहाच्या पहाऱ्याची वही नेहमीसारखी माझ्याकडे आली आहे. मॅट्रिक झालेली म्हणून दहा वर्षांपूर्वी दिली, ती सुटलीच नाही. यंदा बारा ते दोन आणि दोन ते चार या दोन पहाऱ्यांना माणूस मिळत नाही. पुरुष पाणी करायला धानाच्या बांधीत जातात, पोरं तुमच्या तुमसरच्या गिरण्यांत. कागद उलटून बघ, तिथे छापलंच आहे: "सप्ताहात वीणा अखंड गळ्यात राहील. जमिनीला वा आसनाला टेकणार नाही. पहारा बदलताना एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात." आणि त्याखाली, गावात पहिल्यांदा, बायकांची नावं. बारा ते दोन सौ. उषाबाई. दोन ते चार सौ. रुखमिणीबाई. यादोरावभाऊ मंडळाचे अध्यक्ष, ते नाही म्हणत होते. तू त्यांच्या ओट्यावर तीन दिवस जाऊन बसली आणि ते पहारे मागून आणले.

मागच्या वर्षीचं मागच्या वर्षी राहू दे. पटाला ये. आपल्या खुशबूची दहावीची परीक्षा जवळ आली हे मला माहीत आहे, तिला तिथे ठेव, तू एक दिवस ये. तू आलेली लोकांनी पाहिली की बाकीचं हळूहळू होईल.

अंकुशभाऊजींना सांग, त्यांच्या आंब्याला मोहोर लागला आहे.

तुझी,
उषाबाई

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

रुखमा,

बाबुलाल आला होता. ओट्यावर टेकला, पाणी मागितलं, गडवा रिकामा केला. मग म्हणे, "उषाबाई, पोस्टात टाकत जा ना. मी का पोस्टमन आहो?"

"काय झालं ते सांग."

"काय होणार. घेतली, पाहिली, अन् कुकरखाली ठेवली."

"कुकरखाली?"

"मंग. ओटा काळा होते ना. कामाची चिठ्ठी लिहिली जी तुम्ही."

कुकरखाली कागद ठेवायची सवय तुला मीच लावली. पण राग आला. तुला दुःख आहे हे मी जाणते. मला नाही, असं तू कसं धरून बसली?

तू गेल्यापासून मीही काही गादीवर बसलेली नाही. विहिरीवर बाया विचारतात, "जाऊ आली नाही का वो अजून?" आणि उत्तर ऐकायला कोणी थांबत नाही. हे जेवताना ताटाकडे पाहतात आणि म्हणतात, "रुखमा वाटायची तशी लाखोळीची चटणी तुले काहून नाही जमत?" वीस वर्षं त्याच पाट्यावर मीही वाटली. पण ती कोणाच्या जिभेवर राहिली नाही.

आणि त्या दिवसाचं म्हणशील तर मीही सांगते. सप्ताहाचा पाचवा दिवस होता. माझा पहारा दोनला संपत होता. तू दोनला आली नाही. दोन वाजून दहा मिनिटांनी आली. यादोरावभाऊ देवळात शिरले तेव्हा तू आसनाजवळ वाकलेली होती आणि वीणा तुझ्या हातात, अर्धी उचललेली. त्यांनी विचारलं, "वीणा खाली कशी?" म्हातारी पार्वताबाई टाळ घेऊन खांबाशी बसली होती, ती म्हणाली, "मी त जागीच होती," आणि टाळ वाजवायला लागली. मग भाऊंनी वही उघडली. वहीत लिहिलेलं होतं, "दोन वाजता रुखमिणीला दिली." अक्षर माझं. त्या वहीत दहा वर्षांत खाडाखोड नाही हे सारं गाव जाणते. त्यामुळे वीणा तुझ्या पहाऱ्यात टेकली असं ठरलं. मी काही कोणाला जाऊन सांगितलं नाही. वहीने सांगितलं.

ती दहा मिनिटं तू वेळेवर असती तर काही झालंच नसतं. एवढंच मला म्हणायचं आहे.

पटाला येशील की नाही ते बाबुलालजवळ सांग. मी तुझ्या वाटचे तांदूळ वेगळे काढून ठेवले आहेत.

उषाबाई

२२ फेब्रुवारी, शनिवार

रुखमा,

पट होऊन गेला. तू आली नाही. नाटकालाही मी गेली नाही, पाहुण्यांची भांडी पडली होती. घरातूनच पेटीचा आवाज ऐकला. काल खुशबूचा मराठीचा पेपर झाला असेल. कसा गेला ते कळवायला सांग. मोठीआई विचारते म्हणावं.

मागच्या चिठ्ठीत मी दहा मिनिटं तुझ्या नावावर टाकली. ते बरोबर नाही. तू उशिरा आली कारण मी तसं सांगितलं होतं. त्या सकाळी चुलीजवळ मीच म्हटलं, "पंगत उठल्याशिवाय वाढणं सोडू नको, तोवर मी आहे देवळात." तू ऐकलं. तू नेहमीच ऐकायची.

दुसरं, वही. मी सकाळी सात वाजता, फुलं वेचून झाली की, दिवसभराचे सगळे पहारे एकदम लिहून टाकायची. याच्याकडून त्याच्याकडे, इतक्या वाजता. दिवसातून बारा वेळा वहीजवळ कोण जाणार, म्हणून. दहा वर्षं असंच केलं. प्रत्येक जण वेळेवर यायचा, म्हणून लिहिलेलं खरं होत गेलं. "दोन वाजता रुखमिणीला दिली" हे मी सकाळी सातला लिहिलं होतं. दुपारी गावाने ते वाचलं.

आता तिसरं. ही चिठ्ठी मी चार दिवस झाले लिहून राहिली, तिसऱ्यापर्यंत आली की भांडी घासायला उठते.

वीणा मी खाली ठेवली.

दोनला पाच मिनिटं होती. पार्वताबाई टाळ मांडीवर घेऊन झोपलेली, तोंड उघडं. देवळात तिसरं कोणी नाही. बाहेर मंडपात पंगत बसली होती, तुझा आवाज येत होता, "वरण घ्या, वरण." मी वीणा गळ्यातून काढली, आसनावर पोथीच्या बाजूला टेकवली आणि मागच्या दाराने बोरिंगवर गेली. पाय धुतले, हात धुतले.

वर्षभर मी याला कारण शोधलं. पोटात कळ आली होती असं स्वतःला सांगून पाहिलं. वरण लागल्याचा वास आला असं सांगून पाहिलं. दोन्ही खोटं. काहीच झालं नव्हतं. पाच दिवस पहाटे चारला उठत होती, काकडा, फुलं, चूल, पंगत, हरिपाठ, पुन्हा चूल. पण तसं तर मी लग्न झाल्यापासून उठते. त्या दिवशी तोंडात नाम चालू होतं आणि मला एकदम वाटलं, हे तोंड चालते आहे, मी कुठेच नाही. मी आता एक घडीसुद्धा उभी राहू शकत नाही. म्हणून ठेवली.

बोरिंगच्या दगडावर बसली. समोर शेताच्या धुऱ्यावर पळस फुललेला होता. पंधरा मिनिटं मी काही म्हटलं नाही. देवाचंही नाही. कोणाला वाढलं नाही, कोणाची वाट पाहिली नाही. रुखमा, मला इतकं बरं वाटलं की तसं मला या घरात आल्यापासून कधी वाटलं नव्हतं.

हेच मला सांगता आलं नाही. वीणा ठेवली, पाप झालं, असं सांगून माफी मागता आली असती. बरं वाटलं हे कोणासमोर सांगू?

मग भाऊंचा आवाज ऐकला. मी मागच्या दारात आली तेव्हा माझे हात ओले होते आणि तू माझ्याकडे पाहिलं. तू काही बोलली नाही. मला वाटलं, तुला कळलं नाही, पार्वताबाईने वीणा धरून टेकवली असं तू समजली. आता वाटते, तू मी बोलायची वाट पाहत होती.

संध्याकाळी आरतीच्या आधी तुला साऱ्या गावासमोर पायरीवर उभं केलं, पदर पसरायला लावला, चूक झाली म्हणायला लावलं. तू म्हणाली. हळदीकुंकवाचं ताट धरायला घरची बाई पाहिजे म्हणून मला बोलावलं. ते ताट मी धरलं. तू खाली वाकून माफी मागत होती आणि मी कुंकू सांडू नये म्हणून ताट सरळ धरून उभी होती. बायकांचे पहारे त्याच दिवशी बंद झाले. होळीनंतर गारपीट झाली तर तीही तुझ्यावर टाकली. चैत्रात तुम्ही बिऱ्हाड उचललं, तेव्हा मी ट्रॅक्टरवर तुझे डबे चढवून दिले आणि म्हटलं, जपून जा.

बस. लिहून झालं. हात दुखतो आहे.

उषा

२७ फेब्रुवारी, गुरुवार

रुखमा,

काल शिवरात्रीचा उपास होता. हे जत्रेला गेले, मी गेली नाही. दुपारी बाबुलाल आला. या वेळी पाणी न मागता बोलला.

"चिठ्ठी दिली जी. रुखमाबाई भांडे घासत होत्या, म्हणून पोरीनं मोठ्यानं वाचली."

"तू तिथंच उभा होता?"

"मंग कुठं जाऊ? चहा ठेवला होता त्यायनं. मी चिठ्ठी वाचली नाही, पण पोरगी मोठ्यानं वाचून राहिली त कान का पिशवीत ठेवू?"

 मग त्याने तुझा निरोप सांगितला. त्याने तो जसाच्या तसा सांगितला असेल, कारण त्याला स्वतःचं काही घालता येत नाही. "म्हणे, बाईले सांगा, मले माहीतच होतं. वीणेची दोरी ओली होती, गळ्याच्या घामानं. मी घातलीच नव्हती त दोरी कोणाच्या घामानं ओली झाली? मले चिठ्ठीत सांगून काय करतात. जिथं मी पदर पसरला तिथं सांगा म्हणा."

तू वर्षभर हे जाणत होती. ट्रॅक्टरवर डबे घेताना माझ्या हाताला हात लागला तेव्हाही जाणत होती. मला वाटायचं तुला सांगितलं की माझं ओझं उतरेल. तुझ्यासाठी तर त्यात नवीन काही नव्हतंच. मी फक्त स्वतःला मोकळं करून घेत होती, तेही पाठकोऱ्या कागदावर.

बाबुलाल जाताना म्हणाला, "शनिवारी सप्ताहाची सभा आहे. तेव्हाच सांगून टाका. माझ्या पोटात जास्त दिवस राहत नाही."

आज सकाळी मी यांना सांगितलं. बैलाला तनीस टाकत होते. हात थांबला नाही त्यांचा. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "वर्ष झालं. आता उकरून कोणाचं भलं होते?"

"रुखमाचं."

"अन् आपलं?"

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवताना मीठ हवं होतं, ते स्वतः उठून घेतलं.

मग मी यादोरावभाऊंकडे गेली. सभेत एकदम काढण्यापेक्षा आधी कानावर घालावं, असं वाटलं. ते खाटेवर बसून टाळांच्या दोऱ्या बदलत होते. शांतपणे ऐकलं. रागावले नाहीत, त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. म्हणाले, "उषाबाई, तुमची वही आहे म्हणून हा सप्ताह उभा आहे. भांडण झालं की आपण वही पाहतो. ते पान खोटं म्हटलं त दहा वर्षं खोटी होतात. कोणता सप्ताह अखंड झाला अन् कोणता नाही, कोण सांगणार? रुखमाचं झालं ते वाईट झालं. पण ते मिटलं ना आता. राहू द्या."

मी म्हटलं, "मिटलं कसं? ती तुमसरला आहे."

ते म्हणाले, "तुमसर का विलायतेत आहे?"

घरी येताना मला वाटलं, खरंच राहू द्यावं. त्यांचं चूक नाही. यांचंही चूक नाही. सप्ताहाला पाच दिवस उरले, तांदूळ निवडायचे आहेत, मंडपाचे बांबू यायचे आहेत, आणि मी थकली आहे. गप्प राहणं हे एकच काम असं आहे की त्याला उठावं लागत नाही.

शनिवारी काय होईल मला माहीत नाही. खुशबूला इंग्रजीच्या पेपराला दही-साखर देऊन पाठव.

उषा

२ मार्च, रविवार

रुखमा,

काल सभा झाली. दुपारी तीनला, देवळात. तीस-पस्तीस माणसं होती, बाया मागे खांबाच्या पलीकडे. हे पुढे बसले होते, माझ्याकडे पाठ करून. यादोरावभाऊंनी फळ्यावर खडूने पहारे लिहायला घेतले. यंदा पत्रिका छापत नाहीत, फळ्याचा फोटो काढून मोबाईलवर फिरवतात. रात्रीचे पहारे भरले, सकाळचे भरले. बारा ते दोनशी येऊन खडू थांबला.

"कोण घेते?"

कोणी हात वर केला नाही. मी उभी राहिली. भाऊंनी माझ्याकडे पाहून मान हलवली, हळूच, नको म्हणून. मला वाटलं होतं की मी खूप बोलेन. घरी तांदूळ निवडताना तयार केलं होतं. त्यातलं काही आठवलं नाही. मी म्हटलं, "मागच्या वर्षी पाचव्या दिवशी वीणा मी खाली ठेवली होती. रुखमाने नाही. ती आली तेव्हा वीणा खालीच होती. तिने उचलली."

 मग कोणी तरी म्हणालं, "पण वहीत तर..."

"वहीत मी सकाळीच लिहिलं होतं. रोजच तसं लिहीत होती."

मग एकदम सगळे बोलायला लागले. कोणी म्हणालं, जावेला परत आणायचं म्हणून बाई स्वतःवर घेते आहे. कोणी म्हणालं, दहा वर्षं खोटी वही. एका माणसाने विचारलं, "पण ठेवली कायले? काय झालं होतं?"

इथे मला पोटाची कळ सांगता आली असती. सगळ्यांनी मानली असती, बायांनी तर च्च् च्च् केलं असतं. मी म्हटलं, "काही झालं नव्हतं. मी थकली होती. बोरिंगवर जाऊन बसली. बरं वाटलं."

तेवढ्यात पार्वताबाई मागून म्हणाली, "मी बी झोपली होती जी. वर्षभर जागीच होती, जागीच होती म्हणून राहिली. आता अंशी वर्षांची झाली, किती दिवस जागू?"

दोन-चार जण हसले. भाऊ हसले नाहीत. त्यांनी खडू ठेवला आणि म्हणाले, "मंग नियम सगळ्यायले सारखा." मी म्हटलं, त्यासाठीच आली आहे. पायरीवर जाऊन उभी राहिली, पदर पसरला. ताट धरायला घरची बाई पाहिजे. घरची बाई तुमसरला. भाऊंनी बायांकडे पाहिलं, एकही पुढे आली नाही. त्यांना राग होता की लाज होती, मला कळलं नाही. ताट तसंच आसनाजवळ पडून होतं.

मग हे उठले. तीन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. ताट उचलून माझ्यासमोर येऊन उभे राहिले. पुरुषाने ते ताट धरलेलं गावात कोणी पाहिलं नाही. त्यांना ते सरळ धरता येईना, कुंकू सांडून त्यांच्या धोतरावर पडलं. मला म्हणाले, "लवकर म्हण. पडते आता हे." मी म्हटलं, माझी चूक झाली. आणि म्हटलं, रुखमिणीची काही चूक नव्हती, तिच्याकडून जे म्हणवून घेतलं ते परत घ्या. ते नियमात नव्हतं, पण म्हटलं.

त्यानंतर मी वही मागितली. ते पान काढलं. त्या ओळीवर रेघ मारली आणि खाली लिहिलं, "दोनला पाच कमी ते दोन वाजून दहा, वीणा आसनावर. ठेवणारी उषा. उचलणारी रुखमिणी." तारीख टाकून सही केली. दहा वर्षांतली पहिली खाडाखोड. भाऊंना दाखवली. त्यांनी ओळ वाचली. म्हणाले, "बाकीच्या वर्षांचं काय करू आता मी?" त्यांचा चेहरा उतरलेला होता.   मी त्यांचं काहीतरी मोडलं आहे आणि ते मला दुरुस्त करता येत नाही.

मी वही परत देऊ लागली. त्यांनी घेतली नाही. म्हणाले, "ठेवा तुमच्याजवळच. दुसरं कोण लिहिते?" आणि फळ्याकडे वळले. बारा ते चार अजून रिकामंच होतं. पार्वताबाई म्हणाली, "पुरुष नाही भेटत त बायायले द्या. ठेवून बी पाहिली ना वीणा, देऊळ त उभंच आहे." त्यांनी तिला गप्प बसायला सांगितलं. मग मागे न वळता विचारलं, "बारा ते दोन कोण?" मी म्हटलं, मी. त्यांनी लिहिलं, या वर्षापुरतं, असंही बोलून दाखवलं. "दोन ते चार?"

मी म्हटलं, "तो रकाना कोरा ठेवा."

"कोरा कसा ठेवता येते?"

"येते. वहीतही कोराच ठेवते."

त्यांनी खडू परत ठेवला. फळ्याचा फोटो तसाच फिरला, दोन ते चारपुढे काहीच नाही. तुमच्याकडेही आला असेल. खुशबूने दाखवला असेल.

आता वही मी अशी ठेवणार आहे. ज्याच्या गळ्यात वीणा गेली त्याचं नाव, ती गेल्यावर. आधी नाही. दिवसातून बारा वेळा वहीजवळ जावं लागेल. जाईन.

मी तुला ये म्हणून लिहीत नाही. पहिल्या दोन्ही चिठ्ठ्यांत मी माझ्या सोयीने बोलावलं. तू आलीच पाहिजे असं नाही. खुशबूचे पेपर आहेत, तिथे तुमचं बस्तान बसलं असेल, आणि या गावाने तुला जे केलं ते मी एका दुपारी उभी राहून पुसून टाकलं असं होत नाही. विहिरीवर आज सकाळी माझ्याशी कोणी बोललं नाही. मला एक वर्षाने कळलं, तुला कसं वाटत होतं.

फक्त एवढं सांगते. मंगळवारी सप्ताह बसतो. रोज दुपारी बारा वाजता मी वीणा घेईन. दोन वाजता दाराकडे पाहीन. कोणी आलं नाही तर चार वाजेपर्यंत मीच उभी राहीन. सातही दिवस. पाय दुखतील, मन उठून बोरिंगवर जाईल, ते मला माहीत आहे. जाऊ दे. वीणा मात्र राहील.

पत्रिका संपल्या. हा कागद वहीतलाच आहे, शेवटचं पान, दोन्ही बाजूंनी कोरं होतं. मागची बाजू तशीच सोडली आहे.

उषा